जिभेवरचं मीठ

या ग्रुपवरचे किस्से मी नेमाने वाचते. घाबरायला नाही, करमणूक म्हणून. ड्युटी संपली की चहाचा कप घेऊन बसते आणि प्रत्येक किश्शाखाली मनातल्या मनात निदान लिहून टाकते. "झोपेत छातीवर बाई येऊन बसली, हात हलेना, ओरडता येईना" — अहो, बाई कुठली? तुमचा मेंदू जागा झाला होता आणि अंग अजून झोपेत होतं, बस्स. "चुलतभावाला विहिरीतला माणूस हाका मारतो, घरचे जेवणात विष घालतात म्हणतो" — हा स्किझोफ्रेनिया. याला गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, नेमाने घेतली तर माणूस कामाधंद्याला लागतो. पण तुम्ही आधी वर्षभर लिंबं उतरवणार. "वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून असते, कुणीतरी करणी केलीय" — डिप्रेशन. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तुम्ही चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ती बंद करता. कातडी निघेस्तोवर हात धुणाऱ्या मुलीवर तर या ग्रुपवर म्हणे कुणा सतीची सावली पडली होती! तिला औषध आणि नेमाचं समुपदेशन पाहिजे होतं. सावली पडली होती ती घरच्यांच्या अकलेवर.

मी कलबुर्गीच्या एका दवाखान्यात मानसोपचार विभागात नर्स आहे. माझी अर्धी नोकरी गोळ्या देण्यात गेली आणि अर्धी लोकांच्या दंडातले ताईत सोडण्यात. एवढ्या वर्षांत भूत एकदाही पाहिलं नाही. पेशंटचे नातेवाईक मात्र रोज पाहते, आणि खरं सांगते, त्यांच्यापेक्षा भूत परवडलं असतं.

तरीही आज लिहायला बसलेय. हसायचं असेल तर हसा... मीही तुम्हाला एवढे दिवस हसलेच आहे.

माझं माहेर बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातलं मेहकर. तिथे वडील, धाकटा भाऊ बालाजी आणि त्याची बायको सुरेखा असतात. ऊस, तूर, दोन म्हशी. बालाजीला बायपोलर आहे — म्हणजे मन कधी आभाळाला टेकतं, कधी पार तळाला जातं. लग्नाआधी पहिल्यांदा झालं तेव्हा तो रात्ररात्र झोपायचा नाही. भालकीच्या बसस्टँडवर उभा राहून उदगीरला जाणाऱ्यांना सांगायचा, "बस कामून बघायलाव? मी आमदार होणार हाय, माझ्या गाडीत बसा." गाडी नव्हतीच. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, निदान केलं की पोराच्या अंगात देव आलाय. भीमेकाठच्या कुठल्याशा देवाच्या ठाण्यावर नेऊन त्याला खांबाला बांधलं. मी गेले, दोर सोडला आणि त्याला आमच्या दवाखान्यात आणला. डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं, ठरावीक वेळाने रक्त तपासत राहिले, डोस बसवला. तेव्हापासून बालाजी नीट आहे. लग्न झालं, ऊस लावतो, चिडतो, हसतो, सगळं माणसासारखं. देव परत फिरकला नाही.

आता माझी गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वॉर्डातल्या शांता सिस्टरच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगतीत बसले, पहिला घास घेतला आणि मीठ मागितलं. भाजीत घातलं, वरणात घातलं, तरी चव नाही. शांता सिस्टर म्हणाली, "उप्पु बराब्बर अद री!" मीठ बरोबर आहे, असं तिचं म्हणणं. शेजारच्या बायकाही माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आचाऱ्याने हात आखडता घेतला असेल आणि बाकीच्या कौतुकापोटी बोलत असतील.

पण दुसऱ्या दिवशी घरची आमटी तशीच. मग लोणचं. मग चिमूटभर मीठ नुसतं जिभेवर ठेवलं... वाळू! गंमत म्हणजे आंबट लागत होतं, गोड लागत होतं, मिरचीने डोळ्यांत पाणी येत होतं. फक्त मीठ गेलं होतं. मी कोविडची टेस्ट केली, निगेटिव्ह आली. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून जीभ बघितली आणि झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांना काही कळलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आमच्या सायकिअॅट्रिस्टनाही विचारलं. ते म्हणाले, ताण असेल, सुट्टी घ्या. असं लागोपाठ दोन आठवडे चाललं. मी जिवावर आल्यासारखी जेवत होते.

दर रविवारी मी बालाजीला फोन करते. त्या रविवारी फोन सुरेखाने उचलला. "झोपलेत," म्हणाली. मागच्या रविवारीही झोपलाच होता. मी म्हटलं, गोळी घेतो ना? "व्हय अक्का, येक बी चुकवली न्हाई." मग इकडचं तिकडचं बोलताना मी सहज म्हणाले, "काय सांगू सुरेखा, अन्नाला चवच नाही बघ. सगळं अळणी लागायलंय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"अक्का," सुरेखा हलक्या आवाजात म्हणाली, "तुमाला कुणी सांगिटलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"अळणीचं. अप्पांनी तर शपथ घातली हुती की तुमाला सांगायचं न्हाई म्हणून. बोललं की नवस बाटतो म्हनायले. ह्ये नीट ऱ्हायले म्हनून नवस फेडायलोत, सव्वा महिना ह्येंनी मीठ सोडलंय. अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासनं."

वास्तुशांतीचं जेवण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी होतं. पण ते मला नंतर आठवलं. त्या क्षणी मी घाबरले ते वेगळ्या कारणाने. लिथियम आणि मीठ यांचं नातं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी ही गोळी चालू असेल तर माझ्या किश्शापेक्षा हे जास्त कामाचं आहे. लिथियम मिठाच्याच जातीचं. अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मिठाच्या जोडीने लिथियमही बाहेर जाऊ देत नाही. रोजचीच गोळी, रोजचाच डोस, पण रक्तात ती साठत जाते आणि औषधाचं विष होतं. त्यात उन्हाळा, उसाला पाणी देताना घाम... आणि जेवणात मीठ नाही! पोरगा नीट राहिला म्हणून देवाचे आभार मानायचे होते, तर नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. यांनी नेमकं मीठ सोडायला लावलं. ठरवून शोधलं असतं तरी यापेक्षा धोक्याचं काही यांना सापडलं नसतं.

"सुरेखा, त्याचे हात थरथरतात का?"

"व्हय. पेला धरवंना."

"चालताना झोक जातो? जीभ जड? उलट्या, जुलाब?"

"सगळं हाय अक्का. पर अप्पा म्हनायलेत, अंगात देवाचं वारं यायलंय. गावातली मान्सं पाया पडून जायलीत."

म्हणजे माझा भाऊ विषाने थरथरत होता आणि गाव त्याच्या पाया पडत होतं! मला आजही ते आठवलं की कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटते. अप्पांना फोन द्यायला लावला. ते माझ्यावरच उखडले. "अगं, येवढी वर्सं गोळ्या खाऊन देव रुसला हुता. आता कुटं परत आलाय, तर तू त्याला हाकलायलीस?"

"अप्पा, तो देव नाही, विष चढलंय त्याला. आत्ताच्या आत्ता जीप काढा आणि बिदरला आणा. नाहीतर मी पोलीस घेऊन येते, आणि तुमच्या देवालाही गाडीत घालून नेते."

हे बोलताना मी रडत होते. पण अप्पांना ते कळू दिलं नाही. गोळी त्या क्षणापासून बंद करायला सांगितली. बिदरच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून ठेवला आणि हुमनाबादमार्गे जाणारी मिळेल ती बस पकडली. वाटेत एकच विचार होता. खांबाला बांधलेला सोडवून आणला, नीट केला, आणि आता भाकरीतल्या मिठापायी जाणार हा?

अप्पांनी निघायला वेळ लावला होता; मी पोचले तेव्हा जीप नुकतीच येऊन थांबली होती. बालाजीला दोघांनी धरून उतरवलं. मला बघून त्याने "अक्का" म्हणायचा प्रयत्न केला, पण जीभ वळली नाही. ओळखलं मात्र त्याने. मी त्याचा हात धरला तर माझा हातही त्याच्याबरोबर हलायला लागला, इतकी थरथर होती. अप्पा उपरणं तोंडाला लावून जीपच्या मागे उभे राहिले. दवाखान्यात येईनात.

रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, पातळी फार वाढलीय, पण वेळेत आणलंय. उतरली नाही तर डायलिसिस करू, आधी सलाईन देऊन बघू. सलाईन म्हणजे काय, तर मिठाचं पाणीच.

सिस्टर सुई लावण्याची तयारी करत होती. सुरेखाने पदराखालून फडकं सोडलं आणि ज्वारीची भाकरी नि शेंगाची चटणी माझ्या हातावर ठेवली. "खावा अक्का, सकाळपासनं उपाशी असचाल. ही नवसाआदीची जुनी चटणी हाय, मीठ हाय हिच्यात." नको म्हणायचंही त्राण नव्हतं. एक घास तोंडात टाकला. शेंगा कळल्या, लसूण कळला, तिखट कळलं. मीठ नाही. चघळत बसले, नजर बालाजीच्या हाताकडे.

सुई लागली. सिस्टरने नळीचं चाक फिरवलं. वरच्या बाटलीतून थेंब पडायला लागले.

आणि माझं तोंड खारट झालं.

हळूहळू नाही, एकदम. त्याच घासात. इतकं खारट की मी घास तोंडात तसाच धरून बसले. गिळावा की थुंकावा ते कळेना. दोन आठवड्यांनी मीठ लागत होतं आणि माझ्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. सुरेखाने "काय झालं?" विचारलं, तेव्हा "चटणी खारट आहे" एवढंच म्हणता आलं.

बालाजी वाचला. डायलिसिस लागलं नाही. थरथर जायला काही दिवस लागले, बोलणं त्याच्या आधी सुधारलं. डॉक्टरांनी पुढे सगळ्या तपासण्या करून औषध नव्याने बसवलं. आता सुरेखा मिठाच्या डब्यावर नजर ठेवून असते. अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. गावात सांगतात म्हणे, की देवानंच लेकीला कळवलं म्हणून पोरगा वाचला.

तर आता कमेंटमध्ये तुम्हीही तेच लिहाल, म्हणून आधीच सांगते. मीठ सोडायला लावणारा देव तोच, आणि माझ्या जिभेवरचं मीठ काढून मला कळवणारा देवही तोच असेल, तर त्याला आमच्याच वॉर्डात भरती करावं लागेल. त्याच्यासाठी खाट मी राखून ठेवते. योगायोग म्हणणाऱ्यांनाही माझं एकच सांगणं आहे. तो शब्द मी स्वतः हजार नातेवाइकांना सुनावलाय, त्यात काही दम नसतो हे मला चांगलं ठाऊक आहे. ताणामुळे जीभ बधिर होते, हेही मान्य. पण ताण यायला मला आधी काहीतरी माहीत तर हवं होतं ना? मला काहीच माहीत नव्हतं. घरच्यांनी तशी चोख व्यवस्था केली होती. मी सगळं तपासलं, सगळ्यांना विचारलं, उत्तर मिळालं नाही. आजही नाही.

भूतखेत मी अजूनही मानत नाही. ताईत दिसला की आजही सोडते. फक्त जेवायला बसल्यावर पहिला घास जिभेवर ठेवून क्षणभर थांबते. मीठ लागलं की मग गिळते. बालाजी बरा आहे, एवढं मला त्यावरून कळतं.