खाली घेतलेलं मडगार्ड
शेजारच्या पोरानं परवा नवी मोटारसायकल दारात लावली आणि तिचं चाकाला टेकलेलं पुढचं मडगार्ड बघून मला आमच्या ह्यांची बुलेट आठवली. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. लग्नानंतरची पहिली नागपंचमी होती, हे फौजेतून सुट्टीवर आलेले, आणि मला कुंडलहून शिराळ्याला माहेरी सोडणार होते. आदल्या दिवशी अंगणात बसून ह्यांनी पुढच्या मडगार्डच्या पट्ट्यांना नवी भोकं पाडली आणि ते इतकं खाली घेतलं की चाकाच्या नि त्याच्या मधे बोट जाईना. मला राहवेना. मी विचारलं, "आवं, खाली घेतल्यानं काय हुतं?" "बघ तू उद्या," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी काळ्या रानातल्या गाडीवाटेला चिखल मडगार्डात गच्च बसला आणि चाक फिरायचंच थांबलं. भुईमुगातलं तण भांगलणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पावणं, ते पत्र्याचं वर घ्या की!" ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तिचंच खुरपं मागून घेतलं आणि चिखल खरवडत बसले. थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. माहेरची सगळी माणसं गाडी बघायला दारात आली, पण चिखलात मडगार्ड कुणाला दिसलंच नाही. तरी ते सुट्टीभर खालीच राहिलं, आणि चिखल काढायला सीटखाली एक खुरपं कायम बांधलेलं. परवा त्या पोरालाही मी तेच विचारलं, मडगार्ड एवढं खाली कशाला. तो हसून म्हणाला, "लय भारी दिसतं, आज्जी!" एवढंच सांगायला ह्यांना माझी कसली लाज वाटली होती, कोण जाणे.