नाथाजीतात्यांचं इंजिन

नाथाजीतात्यांनी सैन्यातली उभी नोकरी ट्रक चालवण्यात काढली. घाट, बर्फ, दरडी सगळं झालं, पण गाडीला कधी ओरखडा आला नाही, असं ते सांगतात. बर्फात बघायला आमच्यातलं कोणी गेलं नव्हतं, म्हणून आम्ही मान डोलावतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली आणि तासगावच्या पलीकडे आमच्या गावात तिच्यासाठी पत्र्याची शेड बांधली. म्हशीची शेड नंतर झाली. तोवर म्हैस बाभळीखाली होती, आणि तिनंही कधी तक्रार केली नाही.

आमच्याकडे गाडी धुवायची म्हणजे विहिरीच्या मोटरीचा पाइप लावायचा. बोनेट उघडून इंजिनावर धार सोडायची आणि मग गाडी सुरू होईना म्हणून ढकलायला माणसं बोलवायची. तात्यांना हे बघवत नाही. "इंजान हाय त्ये, म्हस न्हवं," म्हणतात. त्यांच्या घरी आधी इंजिन पार थंड होऊ देतात. मग बॅटरीची काळी वायर सोडून बाजूला करतात. फ्यूजचा डबा, अल्टरनेटर आणि इंजिनात हवा ओढणारं तोंड, या ठिकाणी पाणी गेलेलं चालत नाही. तिथे पिशव्या बांधतात. पुढचं काम साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याचं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाचं. धार नाही, रॉकेल नाही, घाई तर नाहीच. कोरडं पुसून झालं की पिशव्या सोडायच्या, घडी करून खिशात ठेवायच्या, वायर जोडायची. मध्ये कोणी चहा आणला तर तो गार होतो.

पिशव्या अर्थातच साडीच्या दुकानातल्या, जाडजूड. विजयमालाकाकू त्या लपवून ठेवतात, तात्या शोधून काढतात. संसार म्हटला की एवढं चालायचंच.

गेल्या वर्षापासून मात्र गावातल्या वस्तू तात्यांच्या आडव्या येऊ लागल्या. आधी फाटकाचा खांब गाडीच्या आरशाला लागला. खांब वाकडा बांधला म्हणून तात्यांनी केरबा गवंड्याला झापलं आणि तो पाडून नवा बांधून घेतला. नवाही लागला. पुन्हा बोलावल्यावर केरबा आला नाही. मग एकदा बाजूनं आलेली मोटारसायकल थोडक्यात वाचली, तेव्हा तात्या त्या पोरावरच खेकसले. काकू म्हणाल्या, डोळं तपासून घ्या. तात्यांनी खाटेवर बसल्या बसल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं वाचून दाखवली. समोरचं त्यांना खरोखर माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. कडेचं काय, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

माघात त्यांची लेक शिवांजली बाळंतपण उरकून सासरी निघाली. सासर जतला. तिला आणि बाळाला न्यायला विहीणबाई स्वतः आल्या होत्या. भाड्याची गाडी करू म्हटल्यावर तात्या तडकले. "माझी लेक भाड्याच्या गाडीनं जायाची? मग ही शेडमधी काय पुजाय ठिवलीया?"

उसाचा हंगाम होता. रस्ताभर ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. काकू आदल्या दिवशी कुंपणापाशी येऊन मला म्हणाल्या, "भाऊसो, तूबी चल. म्होरं बस आनि कडंला ध्यान ठेव. मला लय भ्या वाटतंय रं. तान्हं बाळ हाय." मला गाडी चालवता येत नाही. थोडक्यात, मी आरसा म्हणून जायचं होतं.

सकाळी तात्यांनी इंजिन पुसून लख्ख केलं. लाडवाचे डबे डिकीत गेले, ओटी भरून झाली, विहीणबाई मागे बसल्या, शिवांजली बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आली. तात्यांनी किल्ली फिरवली. गाडी भुर्र झाली आणि गप झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. तात्यांनी पेट्रोलला नावं ठेवली, मग थंडीला, मग मला, कारण मी दार जोरात लावलं होतं. शेवटी उतरून त्यांनी बोनेट उघडलं. काकू आणि मी दोन बाजूंना उभे राहिलो.

हवा ओढायच्या तोंडावर पिशवी तशीच होती. लालभडक, वर दुकानाचं नाव पिवळ्या ठळक अक्षरांत. तात्या तिच्यापासून वीतभर अंतरावर वाकून बॅटरीची वायर चाचपत होते. मग त्यांनी प्लग बघितले, बेल्ट बघितला. पिशवी त्यांच्या गालाला लागायची तेवढी राहिली होती आणि ती त्यांना दिसत नव्हती. या माणसाच्या शेजारी बसून मी जतपर्यंत जाणार होतो, आणि मागे बाळ असणार होतं.

तरी सवयीनं मी तोंड उघडलं. काकूंनी इंजिनावरून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

"भाऊसो," त्या म्हणाल्या, "अजहरला फोन लाव. म्हनावं, जतला जायाचंय, गाडी घिऊन ये."

"आगं, थांब की! आत्ता हुईल," तात्या म्हणाले.

"न्हाई व्हायची," काकू म्हणाल्या.

गावात भाड्याची गाडी अजहरचीच. तो आला आणि सवयीप्रमाणे म्हणाला, "तात्या, बघू का जरा?"

"तू नगं बघूस," काकू म्हणाल्या. "डबं घे."

विहीणबाईंसमोर तात्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. लेक पाया पडली तेव्हा त्यांनी बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि लगेच पुन्हा बोनेटखाली तोंड घातलं. अजहरची गाडी वळणाआड गेली.

काकू जवळ आल्या. "आवं, पिशवी हाय त्येच्यावर."

"कुठं?"

"उजव्या अंगाला बघा."

तात्यांनी सबंध मान वळवली, तेव्हा पिशवी त्यांच्या समोर आली.

"तुला कवा दिसली?"

"बोनेट उगाडलं तवाच."

"आनि ह्याला?"

"मलाबी तवाच," मी म्हणालो.

तात्यांचा आवाज चढला. "मग पावन्यांफुडं माझा तमाशा बघत हुबा र्‍हायलासा व्हय? एक शबुद सांगाय काय झालं हुतं?"

"सांगितलं असतं तर गाडी चालू झाली असती," काकू म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून तिथेच रडल्या.

तात्यांनी पिशवी सोडली. आत बसून किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि कुठेही न अडखळता चालत राहिली. ते बराच वेळ तसेच ऐकत बसले. मग इंजिन बंद करून उतरले आणि किल्ली काकूंच्या हातात दिली.

"भाऊसो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजहरला फोन लाव. रस्त्याला ट्रॉल्या हायत. हळू चालीव म्हनावं."