वरून दिलेला ऑटो

सौदा मी नुसता भाव उतरवून कधी संपवत नाही. भाव उतरवला की गिऱ्हाइकाला वाटतं, अजून ताणलं असतं तर अजून उतरला असता, आणि घरी जाईपर्यंत तो कुढत राहतो. त्यापेक्षा भावावर अडून बसायचं आणि गिऱ्हाईक चप्पल घालायला लागलं की त्याच्या हातात एखादी वस्तू वरून, फुकट, ठेवायची. माणूस खूश होऊन जातो. दिग्रसमध्ये माझं मोटारपंपांचं दुकान उभं राहिलं ते या एका युक्तीवर, आणि बुडायला निघालं तेही तिच्यामुळेच.

दुकानात बोरमध्ये सोडायच्या मोटारी, पाइप, केबल, स्टार्टर असा माल असतो. त्याआधी मी कापसाच्या जिनिंगमध्ये जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचो. बोटांची कातडी तांब्याच्या तारेनं सोलून निघायची. तिथून स्वतःच्या नावाची पाटी लावेपर्यंत मला कोणी हात दिला नाही. हे सांगायचं कारण एवढंच, की एका मोठ्या कंपनीची एजन्सी मला मिळाली तेव्हा मी हवेत होतो. कंपनीच्या साहेबानं हमीचं कार्ड पुढे सरकवलं आणि विचारलं, सगळं समजलं ना? मी म्हटलं, हो.

समजलं नव्हतं. पण सौद्यात ज्यानं ‘समजलं नाही’ म्हटलं तो हरला, हे मी लहानपणी बैलबाजारात पाहिलेलं. तिथे दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात. बाहेरच्याला काही कळत नाही, पण उपरण्याखालच्या दोघांनाही बोटांची भाषा येत असते. कार्डावरच्या भाषेत तसं नव्हतं. ती फक्त एकालाच येत होती, आणि मी मान हलवून मोकळा झालो.

तेव्हापासून मी प्रत्येक मोटारीवर एक ऑटो वरून द्यायला लागलो. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची एक लहान डबी. लाइन, म्हणजे वीज, आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतात जायला लागत नाही. आमच्याकडे शेतीची लाइन आज दिवसा तर उद्या रात्री, त्यामुळे ऑटो कोणाला नको असतो? दोन वर्षं मी ऑटो वाटले. शेजारचे दुकानदार जळायचे.

पुसद रोडवरच्या एका गावची बाई त्या गिऱ्हाइकांत होती. नवरा एसटीत ड्रायव्हर, बारा महिने ड्युटीवर, म्हणून शेती तीच पाहते. तिनं माझ्याकडून मोटार घेतली तो सौदा मला अजून आठवतो, कारण माझ्यासमोर इतका वेळ कोणी टिकत नाही. दोन चहा झाले, ती दोनदा उठून पायऱ्यांपर्यंत गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा मी ऑटो काढला. तिनं डबी उलटीसुलटी करून पाहिली, पिशवीत टाकली आणि म्हणाली, हा तर तुम्ही तसाही देणारच होते. मला हसू आलं होतं.

हरभरा फुलावर असताना तीच मोटार ट्रॉलीत घालून ती दुकानात आली. मोटार जळाली होती. मी म्हटलं, काळजीच करू नका, हमीत आहे, आठ दिवसांत नवी येईल. मोटार यवतमाळला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. आठ दिवसांनी तीच मोटार परत आली, सोबत एक चिठ्ठी: हमीकक्षेबाहेर.

त्याच दिवशी बसनं यवतमाळ गाठलं. बसायला जागा होती तरी अर्धा रस्ता उभाच होतो, कारण बसलो की डोकं जास्त फिरायचं. तिथे कंपनीचा तोच कार्ड देणारा साहेब होता, माझ्याहून बराच लहान, बोलायला गोड. त्यानं कार्ड उघडून एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं: “स्वयंचलित पुनःप्रारंभ साधनाच्या वापरामुळे उद्भवणाऱ्या कोरड्या परिचालनातून संभवणारी हानी हमीच्या कक्षेत अंतर्भूत असणार नाही.”

मी म्हटलं, मराठीत सांगा. तो म्हणाला, हे मराठीच आहे. मग त्यानं तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं, जसा काही मी बहिरा आहे. मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास कलंडला, दोन-चार माणसं आत डोकावली. त्यानं कागद पुसले आणि पहिल्यांदाच माणसासारखा बोलला. “शेठ, बोरमधलं पाणी संपलं अन् ऑटोमुळे मोटार तशीच फिरत राहून जळली, तर कंपनी बदलून देत नाही.”

“एवढंच होतं तर एवढंच काहून नाही लिहिलं?”

तो म्हणाला, मजकूर हेड ऑफिसातून येतो, वकील तपासतात.

परतीच्या बसमध्ये मात्र मी खिडकीला डोकं टेकून बसलो. राग त्याच्यावर होता, पण हिशोब माझाच निघत होता. दोन वर्षं मी ज्या डब्या वाटल्या त्या प्रत्येक डबीनं मी माझ्याच गिऱ्हाइकाची हमी मोडत होतो. गेल्या उन्हाळ्यात जळाल्या त्या जुन्या, हमी संपलेल्या मोटारी होत्या, म्हणून तेव्हा कळलं नव्हतं. उन्हाळा फार लांब नव्हता. बोरचं पाणी खाली जाणार, लाइन आली की मोटारी आपोआप सुरू होणार, कोरड्या फिरणार, जळणार. आणि सगळ्या माझ्या दारात येणार. बाजारात माझ्याकडे काय आहे? मी जिभेचा तिखट आहे, पण खोटं बोलत नाही, एवढंच. तेच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आली. मी सरळ सांगायला हवं होतं. त्याऐवजी म्हटलं, कार्डात लिहिलेलं आहे, वाचायचं होतं. तिनं पिशवीतून कार्ड काढलं, काउंटरवर ठेवलं. “वाचून दाखवा, भाऊ.”

मी वाचलं. वाचताना दोनदा अडखळलो.

“आता सांगा.”

मी सांगितलं, त्या साहेबानं सांगितलं तसं. तिनं कार्ड पिशवीत टाकलं. मग म्हणाली, “म्हणजे तुमाले मालूम होतं. तरी तुम्ही मले ऑटो देल्ला.”

माहीत होतं म्हटलं तर मी लुच्चा, नव्हतं म्हटलं तर मी येडा. मी दोन्ही म्हटलं नाही. चिडलो. फुकट दिलेल्या वस्तूची तक्रार घेऊन येता, असं काहीतरी बोललो. ती निघून गेली. मोटार माझ्या दारातच पडून राहिली. दिवसभर येणारा-जाणारा तिला वळसा घालून आत यायचा आणि विचारायचा, ही कोणाची?

त्या मोटारीचं वाइंडिंग मी स्वतः नव्यानं भरलं. वाइंडिंग सोडून वर्षं झाली होती, हात आखडले होते, तार दोनदा तुटली. तिसऱ्या दिवशी गाडीत घालून तिच्या शेतावर नेली, बोरमध्ये सोडली, पाणी काढून दाखवलं. ऑटो काढून खिशात टाकला. तिनं आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

मग मी खिशातून कागद काढला. आदल्या रात्री जागून लिहिला होता. सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना वाटायचा होता, म्हटलं आधी हिला ऐकवावा, कारण ही ज्याला हो म्हणेल तो कोणालाही चालेल. सुरुवात अशी होती: सर्व सन्माननीय ग्राहकांना सूचित करण्यात येते की. खाली अजून पंधरा ओळी.

तिनं तिसऱ्याच ओळीला हात वर केला. “हे कोण बोलून राह्यलं?”

“मी.”

“तुम्ही तं असे बोलत नाही. तुम्ही तं भांडता.”

मला राग आला, पण मजाही वाटली. मी ज्या भाषेवर टेबल आपटून आलो होतो तीच माझ्या पेनातून उतरली होती. कागद हातात घेतला की माणूस इस्त्रीचा शर्ट घालतो, का कोण जाणे. शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच बसलो आणि आमचा दुसरा सौदा सुरू झाला. हा पहिल्यापेक्षा लांबला. मी एक ओळ धरून ठेवायचो, ती ओढायची. ‘जलपातळी’ मी सोडली, ‘पाणी’ घेतलं. ‘दक्षता घ्यावी’साठी फार वेळ भांडलो. ती म्हणाली, दक्षता म्हणजे नेमकं काय करू ते सांगा, बटन दाबू का नको दाबू? तिथे मी हरलो. सोळा ओळींच्या पाच झाल्या:

बोरमध्ये पाणी कमी असेल तर ऑटो बंद ठेवा. पाणी संपल्यावर फिरत राहिलेली मोटार जळते. अशी जळालेली मोटार कंपनी बदलून देत नाही. ऑटो लागतच असेल, तर पाणी संपलं की मोटार बंद करणारी डबी सोबत लावा. समजलं नाही तर फोन करा, विचारायला पैसे लागत नाहीत.

शेवटची ओळ तिची. सहावी ओळही तिनं सांगितली होती: दुकानदारानं हे आधी सांगायला पाहिजे होतं, त्यालाच समजलं नव्हतं. मी म्हटलं, हे लिहिणार नाही. तिनं पुष्कळ ताणलं. मी हललो नाही. “बरं, राहू द्या,” ती म्हणाली. त्या सौद्यात मी तेवढंच वाचवलं.

कागद छापला, गावोगाव पाठवला, दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला. फोन इतके आले की दोन दिवस जेवताना कानाला फोनच होता. काहींनी शिव्या दिल्या, दोन वर्षांनी सांगता का म्हणून. ऐकून घेतल्या, तेही मला नवीन होतं. बहुतेकांनी ऑटो बंद केले किंवा ती दुसरी डबी नेली. त्या उन्हाळ्यात माझ्या दारात जळालेल्या मोटारींची रांग लागली नाही. आणि एक गोष्ट मी धरली नव्हती: नव्या गिऱ्हाइकाशी घासाघीस कमी झाली. माणूस भिंतीवरचं वाचायचा, ‘कंपनी बदलून देत नाही’ या ओळीवर थांबायचा आणि म्हणायचा, तुम्ही तर स्वतःच सांगून राह्यले. मग भावावर फारसा अडायचा नाही. वरून काही द्यावंही लागेना.

पावसाळ्याच्या तोंडी यवतमाळचा साहेब दुकानात आला. भिंतीकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. असा कागद लावायची परवानगी नाही, तो म्हणाला, कंपनीच्या नावाखाली स्वतःच्या मनाचं लिहिणं एजन्सीच्या करारात बसत नाही, काढावा लागेल. एजन्सी गेली तर अर्धं दुकान रिकामं होणार, हे त्यालाही माहीत होतं. मी आवाज चढवला नाही. जळालेल्या जुन्या-नव्या सगळ्या मोटारींची वही त्याच्यापुढे उघडली, गेल्या उन्हाळ्याची पानं आणि या उन्हाळ्याची. मग सौदा टाकला. एक सीझन राहू द्या. जळालेल्या मोटारी वाढल्या तर एजन्सी काढून घ्या, मी चहा पाजून सही करून देतो. तो वही चाळत राहिला. जाताना त्यानं भिंतीचा मोबाइलवर फोटो काढला. मला वाटलं, पुरावा म्हणून.

यंदा दिवाळीआधी नवा माल उतरला. खोका फाडला, कार्ड काढलं. पहिल्या पानावर माझ्या पाच ओळी. शब्द तेच, क्रम तोच, ‘विचारायला पैसे लागत नाहीत’सकट. वर लिहिलं होतं: आमच्या तज्ज्ञांनी तयार केलेली सोपी माहिती. मी साहेबाला फोन लावला. तो गोड आवाजात म्हणाला, अभिनंदन शेठ, सगळ्या जिल्ह्यांत गेलं. माझं नाव कुठे आहे, मी विचारलं. कंपनीच्या कार्डावर नाव नसतं, तो म्हणाला. पुढे मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

दुकानात बसवेना. कार्ड घेऊन बाईच्या शेतावर गेलो. तिच्यासमोर कंपनीला शिव्या घालायच्या होत्या, तिच्याही ओळीची चोरी झाली होती. तिनं हात पुसले, कार्ड सावकाश वाचलं आणि स्वतःच्या ओळीपाशी गालात हसली. चोरीचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. मग तिचं बोट पानाच्या तळाशी गेलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात एक वाक्य होतं. रागाच्या भरात मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. उपरोक्त मजकूर मार्गदर्शनपर असून मूळ अटींचे अधिक्रमण करीत नाही.

“अन् हे काय होय?”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. ‘असंच लिहितात ते’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

“मले समजलं नाही,” मी म्हटलं. “तवाचं कार्डही नव्हतं समजलं. समजलं म्हणून सांगितलं होतं, अन् तुमाले ऑटो देल्ला.”

सहावी ओळ तिला मिळाली होती, एवढ्या उशिरा, तीही कागदावर नाही. तिनं त्याचं काही केलं नाही. कार्ड माझ्या हातात परत दिलं.

“मंग फोन करा न, भाऊ. विचाराले पैसे लागत नाहीत.”

नंबर कार्डावरच होता. मी धुऱ्यावर उभ्या-उभ्याच लावला.