मामांची डावी बरगडी

आमच्या मामांना तलावाची गळती तळपायांनी कळायची. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलावाची, शेतांना पाणी सोडायची मोरी तीस वर्षं त्यांच्या हाती होती. पावसाळाभर ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, अनवाणी फिरत आणि मधेच थांबून म्हणत, "इथं माती भिजून राहिली." खणलं की तिथेच झिरपा सापडे. गावात होणाऱ्या कौतुकानं ते जरा चढलेही होते. मी आणलेल्या चपला त्यांनी कोठीत नीट ठेवून दिल्या.

स्वतःच्या शरीराचं मात्र काही सांगतील तर शपथ! लघवी अडते, हे वर्षभर लपवलं. "म्हातारपणी असंच होते. डॉक्टरले कायले सांगू?" शेवटी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तो तिथेच आहे की हाडांत पसरलाय, हे बघायला नागपूरला पेट स्कॅन ठरला. तलाव समितीच्या अध्यक्षांनी आपली गाडी काढली. वाटेत कोहमाऱ्याला चहा झाला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावलं, की शिरेतून दिलेलं औषध कॅन्सरच्या पेशींना जाऊन चिकटतं आणि फोटोत ती जागा उजळते. मामा खूश झाले. "म्हणजे तुमची मशीनबी अनवाणीच चालते!" बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा, मी आणि अध्यक्ष असे तिघं बाईंसमोर बसलो. प्रोस्टेट उजळलं होतं, ते धरूनच चाललो होतो. पण डाव्या बरगडीतही एक ठिपका होता.

"हा कॅन्सर असेल तर तो पसरलाय, मग ऑपरेशनचा विचार सोडावा लागेल," बाई म्हणाल्या. "पण मोडून सांधलेलं हाडही असं दिसू शकतं. आजोबा, कधी पडला होतात?"

"नाई," मामा म्हणाले.

मागच्या श्रावणात पंधरा दिवस त्यांना डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं, हे मामीनं मला सांगितलं होतं. मामांची नजर अध्यक्षांवर होती, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावात पाळीवरून पडलेल्याच्या हाती मोरी ठेवत नाहीत. तलावानंच त्याला नाकारलं असं मानतात. मला संताप आला. इथे जीव टांगणीला लागलाय आणि यांना मोरीची पडलीय!

"मामा, मामी एकटी राहील," मी म्हणालो.

मामांनी टेबलाची कड धरली. मग खाली बघत म्हणाले, "पडलो होतो, बाई. पाळीवरून. गोट्यावर आदळलो."

बरगडीचा वेगळा फोटो काढला. हाड सांधल्याची खूण स्पष्ट निघाली. कॅन्सर प्रोस्टेटमध्येच होता आणि ऑपरेशन करता येणार होतं.

परतताना गाडीत अध्यक्ष हळूच म्हणाले, "काका, मी काई आयकलं नाई."

"तुमी नाई आयकलं," मामा म्हणाले, "पर मी तर बोललो ना."

ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःच समितीला सांगून काम सोडलं. त्या हंगामात मोरी दुसऱ्यानं उघडली. पाणी आमच्या धानाच्या बांधीत शिरलं, तेव्हा मामा शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडले. मी जवळ गेलो नाही. त्यांना बोलायला मीच लावलं होतं, आणि पुन्हा वेळ आली तरी मी तेच करेन.