उग्रुकला पाजायचं पाणी

फ्लोसीमावशीशी वाद घालायला आमच्या या बर्फाळ समुद्राकाठच्या गावात कुणी धजत नाही. मी शेजारीण, मी घालते, आणि दर वेळी तोंडावर आपटते. बाई ठेंगणी, एक गुडघा कामातून गेलेला, पण जीभ शाबूत. तिचा मुलगा हेन्री शिकारीला गेला असताना पातळ बर्फातून समुद्रात गेला तो गेलाच. घरात आणून घालणारा तो एकटाच होता. तेव्हा शहरात नोकरी करणारी मुलगी डॉरीन परत आली आणि तिनं भावाची बंदूक उचलली. गावातले पुरुष हसले. मावशी म्हणाली, "हसा, हसा. मांस दिसलं की ताटं घेऊन याल."

या जूनमध्ये डॉरीननं पहिला उग्रुक मारला. दाढीवाला, बोटीत मावेना एवढा सील. आमच्याकडे सील कापण्याआधी त्याच्या तोंडात गोडं पाणी ओततात. बिचारा जन्मभर खारटात राहिलेला, तहानलेला असतो. जिथे त्याची तहान भागते तिथे त्याचे भाऊबंद पुन्हा येतात. त्याचा आत्मा तहानलेलाच समुद्रात परत गेला, तर त्या शिकाऱ्याकडे पुन्हा कुणी फिरकत नाही. पहिल्याच शिकारीला असं झालं असतं तर डॉरीनची बंदूक खुंटीला, आणि घराची चूल थंड.

मावशीनं आमच्या तळ्यातून किटली भरून आणली, घोटभर तोंडात घेतलं आणि थू करून टाकलं. "खारट!"

आम्हाला आधीच कळायला हवं होतं. गेल्या उन्हाळ्यात तळ्याचा अख्खा काठ वितळून पाण्यात ढासळला. कधीकाळी समुद्राचा तळ असलेली, पिढ्यान्‌पिढ्या गोठलेली माती ती, तिच्यातलं सगळं मीठ तळ्यात उतरलं. आणि गंमत बघा, गाळ बसल्यावर पाणी उलट नितळ झालं! पूर्वी चहासारखं तांबूस असायचं, आता तळ दिसायला लागला. आम्ही खूश. हिवाळाभर नेहमीसारखा बर्फ तोडला, वितळवून चहा केला, तो गोडच लागला. पाणी गोठताना मीठ खाली सोडतं, हे समुद्राच्या बर्फावरून आमचं शेंबडं पोरही सांगेल. पण तळ्याच्या बाबतीत ते एकाच्याही डोक्यात आलं नाही. बर्फाच्या भरवशावर राहिलो, दुसरं काय!

"मावशी, नळाचं ओत ना," माझा पुतण्या एलवूड म्हणाला. "सीलला काय कळतंय?"

"नळाच्या पाण्याला दवाखान्याचा वास येतो. तुझ्याकडे पाहुणा आला की त्याला फरशी पुसायचं औषध पाजतोस का?"

"मग हेच ओत. काचेसारखं नितळ तर आहे!"

"काच खातोस का रे मेल्या?"

मी मधे पडले. "अगं, ऊन चढलंय, माश्या बसतील."

"बसू देत. समुद्रातून आलेल्याला मी पुन्हा खारंच पाजू?"

टेकडीपलीकडच्या तळ्याचा काठ अजून धड आहे. एलवूडनं गाडी काढली, पण वितळलेल्या जमिनीत चाकं लगेच रुतली. मावशीनं किटली उचलली. डॉरीन म्हणाली, "आई, मी जाते."

"तू तुझ्या पाहुण्यापाशी बस. त्याला एकटं टाकायचं नसतं."

गेली की लंगडत! इकडे माणसं जमली. कुणी म्हणालं, कापायला घ्या आता, म्हातारीचा काय भरवसा. डॉरीन सुरी मांडीखाली घेऊन बसली आणि जागची हलली नाही. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिकडे ती चिखलात रुतून बसली तर?

ऊन कलल्यावर मावशी दिसली. कमरेपर्यंत चिखल, किटली छातीशी. अर्धं पाणी सांडलेलं. तिनं किटली लेकीच्या हातात दिली आणि डॉरीननं उग्रुकच्या तोंडात धार धरली.

मावशी त्याच्या कानाशी वाकली. "पी बाबा, पोटभर पी. तिकडे जाऊन सांग, यांचं तळं नासलं, पण या घरात अजून गोडंच पाणी मिळतं. आणि हेन्री भेटला, तर त्यालाही सांग."

मावशी गुडघ्यावर हात रेटून उठली, नाक पुसलं आणि आमच्यावर खेकसली, "बघताय काय? ताटं आणलीत ना? चला, कापा आता!"