प्रयागबाईचं माहेर

पैनगंगेच्या अलीकडच्या, जुन्या हैदराबाद राज्यातल्या अंगाला, बेल्यापासून दोन कोसांवर सिरसखेड नावाचं गाव आहे. तिथं प्रयागबाई राहायची. तिच्याबद्दल गावात कुणी कधी वावगा शब्द काढला नाही. तिचं जे वाटोळं झालं, ते त्यामुळंच झालं.

प्रयागबाई बोथकडची. लग्न होऊन सिरसखेडला आली. रझाकारांच्या धामधुमीच्या साली नवरा फकिरा पटकीनं गेला. मूलबाळ नव्हतं. दीर नागोरावानं तिला घराबाहेर काढलं नाही, हे त्याचे उपकार. पण आतही घेतलं नाही. ओसरीवर बकऱ्या बांधायच्या त्या खुंट्यांच्या पलीकडं तिची वाकळ असे. जावेचं तोंड असं की सकाळचा पहिला चहा पोटात जाण्याआधी तीन टोमणे पोटात जायचे. प्रयागबाई ऐकून घ्यायची. ऐकून घेण्यात तिचा हातखंडा होता, आणि बायकांच्या अंगचा हा गुण जिथं तिथं वाखाणला जातो, त्याचा मला मनापासून संताप येतो.

कापसाची वेचणी सुरू झाली की सिरसखेडच्या बाया उजाडायच्या आत शेतात. तान्ही लेकरं बांधावर, धुऱ्याच्या बाभळीला झोळी बांधून. लेकरानं झोपून राहावं म्हणून निघताना बोटाच्या टोकावर अफू चाटवायची, ही घरोघरची रीत. एका मार्गशीर्षात जयवंताबाईची पोर अफूच्या गुंगीतून दुपारपर्यंत उठेचना. जयवंताबाई तिला घेऊन धावत गावात आली आणि पहिली दिसली ती ओसरीवरची प्रयागबाई. प्रयागबाईनं पोरीच्या तळपायांना कांदा चोळला, तोंडावर पाणी मारलं, अंगणात फेऱ्या मारमारून तिला दिवस मावळेपर्यंत झोपू दिलं नाही. पोर वाचली. दुसऱ्या दिवशी जयवंताबाई पोरीला तिच्याकडंच ठेवून वेचणीला गेली. आठवड्यात चार लेकरं झाली, महिन्यात एकवीस.

तिचे नियम दोनच होते. अफू चाटवलेलं लेकरू ती घेत नसे. आल्याआल्या डोळ्याची पापणी उलटी करून बघायची आणि शंका आली तर आईला तिथूनच परत पाठवायची. दुसरं म्हणजे प्रत्येक आईनं आपल्या अंगावरच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा आणून द्यायचा, न धुतलेला. लेकरू त्यावर झोपायचं. कुणी लाजेकाजेस्तव धुऊन आणला तर म्हणायची, "हे काऊन धुतलं वो? त्याले साबनाचा वास नाई पायजे, मायचा पायजे." कोणत्या शाळेत ती हे शिकली होती? कोणत्याच नाही. तिला अक्षर येत नव्हतं.

चोपन्न साली विकास खात्याची माणसं जीप घेऊन आली, ओसरीवरची ती एकवीस लेकरं बघून खूश झाली आणि त्यांनी त्याला बालवाडी असं नाव दिलं. चावडीमागची रिकामी खोली मिळाली, दूध पावडरीचे डबे मिळाले, खोलीला लागून एक पडवी होती ती प्रयागबाईला राहायला मिळाली. नेमणुकीचं काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "सध्या चालू द्या, पुढं पाहू." प्रयागबाईनं वाकळ उचलली आणि पडवीत आली. पडवीच्या दाराला आतून कडी होती. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात स्वतःच्या हातानं आतून लावायची कडी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. पहिल्या दिवशी तिनं ती उगीचच चारदा लावली आणि काढली.

मग छप्पन्न साल आलं. हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, नदीपलीकडचेही मुंबईत गेले, आणि सिरसखेड होतं तिथंच राहून आंध्रात गेलं. चावडीवरचे कागद बदलले, शिक्के बदलले. कुठल्या जागा ठेवायच्या, कुणाला ठेवायचं, याची नवी फर्द, म्हणजे यादी, तयार होऊ लागली. गावोगाव साहेब फिरू लागले. ज्याचं नाव फर्दीत चढलं तो राहिला, ज्याचं नाही चढलं त्याच्या जागी वरून माणूस येणार. एवढं साधं होतं ते.

प्रयागबाईला हे कळलं आणि तिची झोप उडाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाकडं काही मागितलं. जयवंताबाईला पाणवठ्यावर गाठून म्हणाली, "माय, पाटलाच्या कानावर घाल. एवढं माह्यं नाव चढलं पायजे. नाई तं मले पुन्हा त्या ओसरीवर जा लागन. आन लेकरंही जातीन माह्यापासून."

"तुह्यं नाव नाई चढन तं कोनाचं चढन वो?" जयवंताबाई म्हणाली. "तू काई घोर नको करू. असा मान करतो का साहेबानं पाहतच राह्यलं पायजे."

यात कपट नव्हतं. जयवंताबाईचा हिशेब सरळ होता: गावानं जेवढा मोठा मान करावा, तेवढं नाव पक्कं. ती घरोघर फिरली. प्रत्येक आईनं एकेक ओंजळ कापूस दिला. ज्यांची लेकरं मोठी होऊन बैलांमागं जाऊ लागली होती त्यांनीसुद्धा दिला. दीडशे ओंजळी झाल्या. तो विकून बेल्याच्या बाजारातून लुगडं आणलं. रंगावरून दोन दिवस वाद झाला. विधवेला हिरवं कसं द्यायचं, आणि पांढरं तर द्यायचंच नाही, असं करत शेवटी जांभळं ठरलं. काठ मात्र रेशमी घेतला. इतका चांगला काठ गावात एका पाटलीणबाईंच्याच लुगड्याला होता. बायांनी त्यात प्रेम असं ओतलं होतं की बघणाऱ्याचे डोळे भरून यावेत.

साहेब आले तो संक्रांतीनंतरचा आठवडा होता. चावडीपुढं सारं गाव जमलं. माणिकराव पाटील बोलायला उठले. माणिकराव मनाचा मोठा माणूस, आणि बोलायला लागला की स्वतःच्याच बोलण्यानं हेलावून जाणारा. त्यांनी प्रयागबाईला पुढं बोलावलं, पाटलीणबाईंनी तिच्या मांडीवर लुगडं ठेवलं, हातात नारळ दिला. कुंकवाचा करंडा तेवढा बाजूला सरकवला. आणि मग माणिकराव जे बोलले ते कुणीच ठरवलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही.

"आजपासून प्रयागबाई नागोरावची भावजय नाई," ते म्हणाले. "हे सिरसखेडची लेक!"

टाळ्या पडल्या. बाया रडू लागल्या. आमच्या त्या मुलखात याहून मोठा मान नाही. सून म्हणून आलेल्या बाईला गावानं लेक केलं, की तिनं वडीलधाऱ्यांपुढं पदर घ्यायची गरज उरत नाही, दिवाळीला कुठल्याही घरी ती हक्कानं चोळी मागू शकते. फक्त एक गोष्ट ती करू शकत नाही. ती त्या गावात मजुरी करू शकत नाही. लेकीनं माहेरात मोलानं राबायचं म्हणजे बापाच्या तोंडाला काळं.

साहेबांनी फर्द उघडली. त्यांना मराठी येत नव्हतं. हिंदीत म्हणाले, "बहुत अच्छा. तो इनका नाम नौकरी में लिखूँ क्या?"

माणिकरावांच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. त्याच भरात ते म्हणाले, "नौकरी? साहब, ये हमारे गाँव की बेटी है. बेटी से कोई नौकरी कराता है क्या? ये जो करती है, पुन्न का काम है."

साहेबांनी प्रयागबाईकडं पाहिलं. साहेब माणूस बरा असावा, कारण त्यांनी तिलाच विचारलं, "क्यों बाई?"

आता तिनं तोंड उघडायला हवं होतं. शब्द जिभेवर होते. पण मांडीवर दीडशे ओंजळींचं लुगडं होतं. आत्ता या घटकेला ज्या गावानं तिला लेक म्हटलं, त्याच गावापुढं मला कामाला ठेवा म्हणायचं म्हणजे ते लुगडं त्यांच्या तोंडावर फेकणं. ती खाली पाहत राहिली. साहेबांनी तिला हात जोडले आणि लिहिलं: सेवाभावी बाई, जागा रिकामी.

जूनमध्ये निर्मलकडची सुगुणा नावाची तेलुगू पोरगी नेमणुकीचा कागद आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. पडवी नेमलेल्या बाईची, म्हणजे आता तिची. प्रयागबाईनं वाकळ उचलली. कडी जिथल्या तिथं राहिली. जयवंताबाई छाती पिटून रडली, "आमाले का माईत वो बाई, असं होईन म्हनून!" खरंच माहीत नव्हतं. पण प्रयागबाईला त्याचा काय उपयोग?

ओसरीवर परतल्यावर जाऊ म्हणाली, "या, लेकबाई." नागोराव तिला दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाऊ देईना, लेक केली आहे ना गावानं, लोक नावं ठेवतील. मग ती घरचं शेण काढायची, बकऱ्यांना पाला आणायची. बालवाडीकडं जायची नाही. गेली की लेकरं तिच्या अंगाला झोंबायची आणि सुगुणा कोपऱ्यात ओशाळून उभी राहायची.

सुगुणा वाईट नव्हती. वीसेक वर्षांची, मराठी तोडकंमोडकं, आणि तीस लेकरं. पाणी आणायला गेली की मागं एक पडायचं, एक रडायचं. दिवाळीनंतर वेचणी ऐन भरात आली तेव्हा ती टेकीला आली. एके दुपारी कागद घेऊन ती माणिकरावांच्या दारात उभी राहिली. तिनं निरोप धाडून प्रयागबाईलाही बोलावलं होतं. जेवणाच्या सुट्टीला शेतातून आलेल्या पाचसात बाया तिथं होत्या, जयवंताबाईही होती.

"पाटीलगारू," सुगुणा म्हणाली, "वरून मदतीला एक बाई मिळते. पडवीत राहायला पण मिळते, माझ्यासंगं. गावानं लिहून द्यायचं, बस. मी प्रयागबाईचं नाव लिहिलं. तुमी सही करा."

प्रयागबाई एक पाऊल पुढं आली. पुन्हा कधी संधी येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

माणिकरावांनी कागद हातात धरला, पाहिला आणि मायेनं हसले. "कागद कायले पायजे पोरी? तिले बलावशीन तवा येईन ते. आपल्याच लेकीले मदतनीस म्हनून लिवून देऊ? भांडे घासाले? बेल्याच्या बाजारात लोकं मले काय म्हनतीन? दुसऱ्या कोनाचं नाव लिव."

तेव्हा प्रयागबाई बोलली. इतकी वर्षं गिळलेलं सगळं गोळा होऊन आलं, तरी आवाज लहानच निघाला. "मले पायजे, पाटील. माह्यं नाव राहू द्या त्या कागदावर. मले लेक नका म्हनू. कामाची बाई म्हना."

माणिकरावांनी कागदावरून नजर उचलून तिच्याकडं पाहिलं. प्रयागबाईला वाटलं, पोचलं.

मग माणिकरावांचे डोळे डबडबले. बायांकडं वळून ते म्हणाले, "आयकलं का वो? लेकरायसाठी आपला मान सोडाले निंगाली हे! अशी बाई भेटन का कोठं?" आणि साठीचा तो पाटील सगळ्यांदेखत वाकला आणि तिच्या पायाला हात लावला.

बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. सुगुणानं एकदा पाटलांकडं, एकदा प्रयागबाईकडं पाहिलं. तिला काही उमगलं नाही. तिनं सही न झालेला कागद परत घेतला, प्रयागबाईचं नाव खोडलं आणि घडी घातली.

चावडीमागून लेकरांचं रडणं येत होतं. जयवंताबाईनं दारातली घागर उचलून प्रयागबाईच्या हातात दिली आणि प्रेमानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "चाल माय, लेकरं तहानली असतीन. तुह्यासारखं कोनाले जमते?"

प्रयागबाई घागर घेऊन पाण्याला गेली.