साहेबाला टॉवेल-टोपी

हसायचं असलं तर हसा, पण हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हेच सांगताना आमच्या जावेच्या नाकातून चहा आला होता. चांगल्या कामाचा सत्यानाश कसा करावा, ते माझ्याकडून शिका!

आमच्या गावातून तालुक्याच्या शाळेला पोरींसाठी एक बस जायची. फुकट. दिवाळीनंतर एकदम बंद. का? तर म्हणे वरून निधी कमी झाला. आता बघा, कात्री लावायची म्हटलं की ह्यांना पहिली पोरींचीच बस दिसती! पोरं काय, कुणाच्या बी गाडीवर मागं बसून जातेत. पोरीला तसं कोण पाठवतंय?

माझी दीपाली दहावीला. बस थांबली आन् चार दिवसांत तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पूर्णेचं एक स्थळ काढलं. “शाळा तर बंद झाली. घरी बसून काय करायलीय? उरकून टाकू.” पोरगी भरल्या ताटावर रडली हो.

गावात अशा आणखी अकरा पोरी. मग आमी बाया पेटलो! पुढं आमच्या गयाबाई, बचत गटाच्या अध्यक्षा. पंधरा वर्षं ऊसतोडीला गेलेली बाई, आवाज असा की मुकादम बी दबकून असायचा. जीपा भरभरून आमी तहसील कचेरीवर गेलो. “पोरींची बस चालू करा!” घसे बसले ओरडून.

माईक माझ्या हातात. गावात हळदीकुंकू असो, झेंडावंदन असो, कुणा गुरुजीचा निरोप असो, माईकवर मीच असते. बायांना वाटलं, सुमन बोलती चांगली.

इथंच चुकलं ना!

मोठे साहेब बाहेर आले. शिपायानं खुर्ची आणून ठेवली. आता तुमीच सांगा, हातात माईक, समोर खुर्ची, खुर्चीजवळ साहेब हात जोडून उभे. माझं तोंड आपोआप सुरू झालं. “आदरणीय साहेबांनी आसन ग्रहण करावं, अशी मी नम्र विनंती करते!”

साहेब बसले की!

गयाबाईनं मला चिमटा काढला. “सुमे, काय बोलायलीस?”

पण गाडी उताराला लागली होती. “यानंतर साहेबांचा यथोचित सत्कार!” असं म्हणून मी सवयीनं मागं हात केला, ताट द्या म्हणून. मोर्चात कसलं ताट? पण माझ्या पिशवीत आहेर होता. मोर्चा उरकून परस्पर वालूरला नणंदेच्या लेकाच्या लग्नाला जायचं होतं ना! टॉवेल, टोपी, नारळ, सगळं तयार.

घातली टोपी साहेबाच्या डोक्यात. टॉवेल खांद्यावर. नारळ हातात.

आन् बायांनी टाळ्या वाजवल्या! गयाबाईनं बी दोन वाजवल्या, आता ती न्हाई म्हणती.

साहेब म्हणले, “भगिनींनो, तुमच्या प्रेमानं भारावून गेलो.” जीपमधी बसले आन् गेले. निवेदन गयाबाईच्या हातात तसंच राहिलं.

संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. खाली लिहिलेलं, ‘साहेबांच्या कामावर महिला समाधानी’. सासऱ्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. “बघ, तूच समाधानी हायीस. पूर्णेवाले रविवारी येतेत.”

बाया माझ्याशी बोलंनात. दीपाली तर माझ्याकडं बघंना. काय इज्जत राहिली हो माझी?

दुसऱ्या दिवशी गयाबाईला हातापाया पडून सोबत घेतलं आन् थेट साहेबाच्या खोलीत शिरले.

“साहेब, माझी टॉवेल-टोपी परत द्या.”

अख्खी कचेरी माना वळवून बघायला लागली! आमच्याकडं दिलेला आहेर परत मागणं म्हणजे सोयरीक मोडणं. साहेब बी ह्याच मुलखातले, त्यांचा चेहरा उतरला. टॉवेल त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. टोपी घालून ड्रायव्हर दारात उभा, त्यानं गुपचूप काढून खिशात कोंबली.

“ताई, अहो, झालं काय?”

मला रडूच फुटलं. “साहेब, माझ्या सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न लावायलेत. बस न्हाई म्हणून! पैसा कमी पडला की तुमी आमच्या पोरींच्याच ताटातलं काढता. आन् मी मूर्ख, तुमालाच टोपी घालून आले!”

त्यात ना आदरणीय, ना नम्र विनंती. पण साहेबांनी ऐकलं. निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. दोन-तीन फोन केले. “निधी माझ्या हातात न्हाई,” म्हणले, “पण परीक्षेपर्यंत एक बस तुमच्या गावावरून वळवायला लावतो. सोमवारपासून येईल. आन् तुमच्या सासऱ्यांना सांगा, अठराच्या आत लग्न लावलं तर मी स्वतः येतो, पोलीस घेऊन.”

“आन् परीक्षेनंतर?” गयाबाईनं विचारलं.

“वर लिहून पाठवतो.”

“पाठवा. आमी बी परत येणारच हाव.”

टॉवेल त्यांनी स्वतः घडी करून दिला. सासरे दोन दिवस धुसफुसले, पण पूर्णेवाल्यांना नको म्हणून कळवलं.

सोमवारी सगळं गाव फाट्यावर. लांबून बस दिसली तशी गयाबाई माझ्या कानात म्हणली, “हे बघ सुमे, ड्रायव्हर खाली उतरू दे, न्हाईतर कलेक्टर येऊ दे, तू तोंड उघडायचं न्हाई!”

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. बारा पोरी चढल्या. दीपाली खिडकीशी बसली, दप्तर मांडीवर, आन् कितीतरी दिवसांनी माझ्याकडं बघून हसली. माझे डोळे भरून आले, पण आवाज? छे! बस निघाली, धुरळा उडाला, वळणाआड गेली.

गयाबाईनं माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. “अगं, तुला बी ह्याच बसनं बाजाराला जायचं होतं ना?”

मी मान हलवली.

“मग थांबवा म्हणून वरडायचं न्हाई का, बये?”

आता काय वरडू? आठ किलोमीटर चालत गेले. पदर निम्म्या वाटेत काढला तोंडातून.